विरघळलेले लोह आणि बसलेले लोह : लोहमय गाळखडकांच्या बरण्यांच्या नोंदी

४ जानेवारी

गाळाच्या खडकांत लोह कसे साठते, हे भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता यावे यासाठी काचेच्या बरण्यांचा एक संच तयार करण्याचे काम आज हाती घेतले. हॅरोल्ड जेम्स यांनी १९५४ साली उत्तर अमेरिकेतील लेक सुपीरियर परिसरातील लोहस्तरांच्या अभ्यासातून त्यांचे ऑक्साइड, कार्बोनेट, सिलिकेट आणि सल्फाइड असे चार प्रकार मांडले होते. पाण्यातील परिस्थिती बदलली की त्याच लोहापासून वेगळे खनिज तयार होते, हा त्या मांडणीचा गाभा आहे आणि माझ्या बरण्यांनाही तेवढेच दाखवायचे आहे. यांपैकी सिलिकेट प्रकार खोलीच्या तापमानाला काही आठवड्यांत तयार होण्यासारखा नसल्याने तो वगळला. त्याच्या जागी दलदलीतील लोह, सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) आणि लोहाचे पट्टे, तसेच माशाच्या अंड्यांसारख्या गोल कणांचा ऊलिटिक लोहखडक या तीन गोष्टी करून पाहणार आहे.

सर्व बरण्यांसाठी लोहाचा स्रोत एकच ठेवला आहे, तो म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट). एक लिटर पाण्यात एक ग्रॅम हिराकस घातल्यास त्या पाण्यात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह विरघळते. आणलेल्या हिराकसावर पिवळट-तपकिरी पूड चढलेली होती. ही पूड म्हणजे हवेने आधीच बदललेले लोह असल्यामुळे तिच्यासकट वजन केल्यास हिशेब चुकतो. म्हणून हिरवट, स्वच्छ खडे चिमट्याने वेचून घेतले. त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा माल बाजूला काढावा लागला.

९ जानेवारी

पहिली बरणी ऑक्साइडची. यात अडचण येईल अशी अपेक्षाच नव्हती. डिस्टिल्ड पाण्यात हिराकस विरघळवले, तोंड उघडे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तांबूस गाळ दिसेल असे गृहीत धरले. आज पाच दिवस झाले तरी पाणी जवळजवळ तसेच आहे, फक्त किंचित पिवळसर झाक आली आहे. पीएच (आम्लतेचे माप; ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्ल) पाहणारी पट्टी लावल्यावर ती ४ च्या आसपास थांबली.

कारण उघड आहे, पण ते मी आधी विचारात घ्यायला हवे होते. फेरस लोहाचे (पाण्यात विरघळणाऱ्या रूपाचे) फेरिक लोहात (गंजाच्या, सहसा न विरघळणाऱ्या रूपात) रूपांतर होण्याचा वेग पाण्याच्या पीएचवर विलक्षण अवलंबून असतो. पीएच एका अंकाने घटला की हा वेग सुमारे शंभर पटींनी मंदावतो. पीएच ७ ला जे काम काही मिनिटांत होते, त्याला पीएच ५ च्या खाली महिनेच्या महिने लागतात. शिवाय लोह गाळ होऊन बसताना आम्ल सोडते, त्यामुळे डिस्टिल्ड पाण्यात ही क्रिया स्वतःच स्वतःला रोखून धरते. खाणींतून वाहणारे आम्लयुक्त पाणी लोहाने भरलेले असूनही दूरवर जाऊ शकते, ते याच कारणाने.

१० जानेवारी

त्याच बरणीत लिटरमागे एक ग्रॅम खाण्याचा सोडा घातला. पाणी क्षणात दुधाळ झाले, दहा मिनिटांत त्यावर निळसर-हिरवी छटा आली आणि मत्स्यालयातला हवेचा पंप लावल्यावर दीड तासात सगळे पाणी गंजाच्या रंगाचे झाले. मधला हिरवा टप्पा फार थोडा वेळ टिकतो, पण तो नीट पाहावा, कारण त्या क्षणी पाण्यात फेरस आणि फेरिक ही दोन्ही लोहे एकाच खनिजात एकत्र असतात.

पंप का लागला, याचा हिशेब मांडून ठेवते. खोलीच्या तापमानाला हवेशी समतोल असलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन सुमारे ७ मिलिग्रॅम लोहाचे ऑक्सिडीकरण करतो. म्हणजे पाण्यातील सगळा ऑक्सिजन वापरला गेला तरी २०० मिलिग्रॅमपैकी जेमतेम ५६ मिलिग्रॅम लोह बदलते आणि उरलेल्यासाठी वरून नवा ऑक्सिजन झिरपत यावा लागतो. पंप न लावलेल्या दुसऱ्या बरणीत वरचा दोन बोटे थर तपकिरी आणि खालचा भाग संध्याकाळपर्यंत हिरवट राहिला. ही फसलेली बरणी मी टाकून न देता संचात ठेवली आहे, कारण वर ऑक्सिजन असलेले आणि खाली नसलेले पाणी ही समुद्राची जुनी अवस्था तिच्यात काही तास तरी स्पष्ट दिसते.

१८ जानेवारी

तपकिरी पुंजके पिंजलेल्या कापसासारखे हलके असतात. पहिल्या दिवशी त्यांचा थर चार सेंटिमीटर होता, आज तो एक सेंटिमीटरवर आला आहे आणि वरची निवळी पूर्ण स्वच्छ आहे. मात्र हा एक सेंटिमीटर फसवा आहे. यातले घन द्रव्य केवळ ०.४ ग्रॅमच्या आसपास आहे. ते वाळवून, दाबून बरणीच्या तळावर पसरले तर त्याची जाडी कागदाहूनही कमी भरेल. एक सेंटिमीटर जाडीचा घट्ट थर हवा असेल तर असे पाच-सहाशे हप्ते या बरणीत ओतावे लागतील. ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली भागात सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचे लोहस्तर शेकडो मीटर जाड आहेत, आणि त्यांतील एखाद-दोन मिलिमीटरचे सूक्ष्म पट्टे सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत ओळखता आले आहेत. मोजपट्टी हातात धरून बरणीच्या तळाकडे पाहताना त्या आकड्यांचा अर्थ मला पहिल्यांदा नीट उमगला.

थोडा साका वाळवून लोखंडी तव्यावर तापवला. तपकिरी रंग हळूहळू विटकरी लाल झाला. पाणी धरून असलेले, नीट स्फटिक न झालेले लोहाचे हायड्रॉक्साइड पाणी गमावून हेमॅटाइटकडे (लोहाच्या लाल ऑक्साइडकडे) जाते, तेच काम निसर्गात काळ आणि वरच्या थरांचे दडपण मिळून करतात. लाल आणि तपकिरी अशा दोन कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

२० जानेवारी

आज कार्बोनेटची बरणी, आणि आजच पहिला अपघात. पांढरा थर जाड दिसावा म्हणून मी ठरवलेले प्रमाण सोडून अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात २० ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सोडा घातला आणि हवा आत जाऊ नये म्हणून लगेच रबरी बूच घट्ट बसवले. फेरस कार्बोनेट तयार होताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. पातळ द्रावणात तो पाण्यातच मावला असता, पण इतक्या दाट द्रावणात मावला नाही. पाच मिनिटांत बूच उडाले आणि निम्मे द्रावण टेबलावर सांडले. काच फुटली असती तर गोष्ट गंभीर झाली असती. असे मिश्रण बंद काचेत कधीही करू नये.

दुसऱ्या वेळी बुचातून एक नळी काढून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवले. बुडबुडे रात्रभर येत राहिले आणि सकाळी थांबले.

२६ जानेवारी

कार्बोनेटवर पाच दिवस गेले, आणि त्यातले तीन चुकीच्या समजुतीमुळे. हवा रोखण्यासाठी मी पाण्यावर पॅराफिन तेलाचा बोटभर थर दिला होता. तेल पाण्यावर तरंगते म्हणजे ते झाकणाचे काम करते, असे वाटते खरे, पण ऑक्सिजन तेलातही विरघळतो आणि त्यातून खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साक्यावर निळसर-हिरवी साय आली आणि चौथ्या दिवशी ती तपकिरी झाली. तेलामुळे फक्त उशीर झाला.

उपाय असा केला : बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरली, म्हणजे वर हवेला जागाच उरली नाही, आणि बुचाच्या अगदी खाली लोखंडी कीस, म्हणजे स्टील वुल, दोऱ्याने टांगला. जो थोडा ऑक्सिजन आत शिरतो तो आधी कीस गंजवण्यात खर्च होतो आणि तळापर्यंत पोहोचत नाही. कीस वापरण्यापूर्वी साबणाने आणि गरम पाण्याने चांगला धुवावा, कारण त्याला कारखान्यातले तेल लागलेले असते. ही बाटली आज दुसऱ्या दिवशीही पांढरट-करडी आहे.

साक्याच्या एका थेंबावर व्हिनेगर टाकून पाहिले, फसफस आली, आणि कार्बोनेट मिळाले असे मी वहीत लिहूनही टाकले. ही नोंद आज खोडली आहे. साक्यात न वापरला गेलेला सोडा होता आणि फसफस त्याचीही असू शकते. आता निवळी नळीने काढून तिच्या जागी उकळून गार केलेले पाणी भरणे, असे तीन वेळा केले. चौथ्या वेळी निवळीत व्हिनेगर टाकल्यावर एकही बुडबुडा आला नाही, साक्यात मात्र आला. ही परीक्षा ग्राह्य धरली. खडकातील स्फटिकी सिडेराइट (फेरस कार्बोनेटचे खनिज) मात्र थंड सौम्य आम्लात इतक्या सहज फसफसत नाही, त्यासाठी पूड करून आम्ल कोमट करावे लागते. बरणीतला हा साका सिडेराइटच्या रचनेचा आहे, पण अजून स्फटिक म्हणण्याजोगा नाही, हे लेबलवर स्पष्ट लिहिणार आहे.

२८ जानेवारी

आज चिखलाच्या तीन बरण्या लावल्या. अ आणि आ या दोन्हींत तळ्यातला चिखल, बारीक केलेला पालापाचोळा आणि पहिल्या बरणीतला तपकिरी लोहसाका समान घातला. फरक एवढाच की अ मध्ये पाच ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आहे आणि आ मध्ये नाही. दोन्ही झाकून ठेवल्या. तिसरी, इ, पसरट आणि उघडी आहे, तिच्यावर चार बोटे पाणी आहे आणि ती दलदलीसाठी आहे.

जिप्सम घालण्यामागचे कारण असे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, गोड्या पाण्यात ते साधारणपणे त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी असते. ऑक्सिजन संपल्यावर पालापाचोळ्यावर जगणारे काही जिवाणू सल्फेट वापरून श्वसन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो जिथे असेल तिथे लोह आधी त्याच्याशीच बांधले जाते, आणि त्याच्यातून उरले तरच कार्बोनेटच्या वाट्याला येते.

१४ फेब्रुवारी

अ बरणीत सहाव्या दिवसापासून पानांच्या तुकड्यांभोवती काळे ठिपके दिसू लागले होते. ते वाढत वाढत एकमेकांत मिसळले आणि आज वरच्या बोटभर थराखालचा सगळा चिखल शाईसारखा काळा आहे. आ मध्ये दोन-तीन काळे डाग आहेत, बाकीचा चिखल करडा-हिरवट आहे. दोन्ही बरण्यांत लोह तेवढेच होते, हे पुन्हा लिहिते, कारण पाहणाऱ्याला पहिल्यांदा हेच खरे वाटत नाही.

काळा चिखल चमच्याने काढून पांढऱ्या कागदावर पसरला. काही वेळातच कडेने तो करडा होऊ लागला आणि संध्याकाळपर्यंत तपकिरी झाला. हे लोहाचे अस्थिर सल्फाइड आहे, पायराइट (जास्त गंधक असलेले, टिकाऊ लोह-सल्फाइड) नव्हे. पायराइट होण्यासाठी आणखी गंधक आणि आणखी काळ लागतो. प्राचीन काळ्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या पापुद्री खडकात) ते रासबेरीच्या फळासारख्या सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात सापडते, पण ते सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही. चिखलावर आम्ल टाकल्यास सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वायू विषारी असल्यामुळे ही परीक्षा उघड्यावर आणि एका थेंबानेच करावी, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

आ बरणीत सिडेराइट तयार झाले, असा माझा दावा नाही. तिथे सल्फाइडने लोह अडवले नाही, इतकेच दिसते. मात्र कोळशाच्या थरांसोबत सिडेराइटच्या गाठी का सापडतात, हे समजायला तेवढे पुरेसे आहे. कोळसा तयार करणाऱ्या दलदलींचे पाणी बहुतेक गोडे होते, त्यांत कुजणाऱ्या वनस्पतींमुळे बायकार्बोनेट भरपूर होते आणि सल्फेट थोडे. दामोदर खोऱ्यातील राणीगंज कोळसा क्षेत्रात अशा गाठींनी भरलेल्या थरांना आयर्नस्टोन शेल असेच नाव पडले आहे.

१८ फेब्रुवारी

इ बरणी आज फेकून दिली. पाण्यावर इंद्रधनुषी रंगाचा तवंग आला होता. किसाचे किंवा पॅराफिनचे तेल चमच्यावरून त्यात गेले असावे, असे मला वाटले. तीन आठवडे पाण्यात गेले, पण तेल मिसळलेली बरणी ठेवण्यात अर्थ नव्हता.

२० फेब्रुवारी

वरची नोंद चुकीची आहे. ती खोडत नाही, कारण हीच चूक इतरांकडून होण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. बरणी रिकामी करताना तिच्या कडेला तवंगाचा तुकडा चिकटून राहिला होता. आज तो वाळलेला दिसला, बोटाने चोळल्यावर भुरभुरला आणि बोटावर गंज राहिला. तेल असते तर बोट ओशट झाले असते. तो तवंग लोहाचाच होता, आणि ज्या गोष्टीसाठी बरणी लावली होती तीच गोष्ट मी ओतून दिली होती. चिखल, पाला आणि साका घेऊन इ बरणी पुन्हा लावली. या वेळी चमचे आणि नळ्या वेगळ्या ठेवल्या.

६ मार्च

सिलिकाचे काम दहा दिवस रखडले. प्राचीन समुद्रात डायटम, रेडिओलारिया, स्पंज यांसारखे सिलिकाची कवचे किंवा सांगाडे बांधणारे जीव नव्हते, त्यामुळे त्या पाण्यात विरघळलेली सिलिका आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त, लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे असावी, असे मानतात. त्यामुळेच त्या काळच्या लोहस्तरांत लोहाच्या पट्ट्यांशेजारी चर्टचे (सिलिकेच्या कठीण खडकाचे) पट्टे आहेत आणि पुढच्या काळातील लोहखडकांत ते नाहीत.

पहिल्या प्रयत्नात मी वॉटर ग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, चौपट पाण्यात मिसळले आणि त्यात हिराकसाचे दाट द्रावण सोडले. त्यात अर्धवट विरघळलेले खडेही होते. थर बसण्याऐवजी तळातून हिरवट-तपकिरी नळ्या आणि फांद्या वर वाढू लागल्या. दिसायला ते सुंदर होते, पण वॉटर ग्लास अतिशय अल्कधर्मी असते आणि समुद्राच्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून बरणी बाद केली.

दुसऱ्या प्रयत्नात वॉटर ग्लास खूप पातळ करून, सौम्य आम्लाने पीएच ८ वर आणून, लिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम सिलिका ठेवली आणि लोह घातले. पांढरा पट्टा आला नाही. तपकिरी पुंजके आले, ते आधीपेक्षा बारीक होते आणि खाली बसायला दुप्पट वेळ लागला. लोहाचे पुंजके विरघळलेली सिलिका आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात हे ज्ञात आहे, म्हणजे दोन्ही द्रव्ये एकत्रच तळाशी गेली असणार. लोह आणि सिलिका वेगवेगळ्या पट्ट्यांत कशी विभागली गेली, हा अभ्यासकांमध्ये आजही वादाचा विषय आहे. समुद्रातच पाळीपाळीने बसली, की एकत्र बसून गाळात नंतर वेगळी झाली, याचे उत्तर माझी बरणी देऊ शकत नाही.

तिसऱ्या वेळी वेगळ्या भांड्यात दाट सिलिकाचा जेल केला. दुसऱ्या दिवशी तो पातळ खळीसारखा झाला, मग ड्रॉपरने तो लोहाच्या थरावर अलगद पसरला आणि त्यावर पुन्हा लोह, असे सात थर द्यायचे ठरवले. ओतताना खालचा थर उसळू नये म्हणून पाण्यावर बुचाची चकती तरंगत ठेवून धार तिच्यावर सोडली. प्रत्येक थर निवळायला तीन दिवस लागत असल्यामुळे ही बरणी अजून दोन आठवडे चालेल. ही निसर्गाची नक्कल नसून पट्टे कसे दिसतात याचा नमुना आहे, आणि लेबलवर ‘हाताने रचलेले’ असे लिहिले आहे.

११ मार्च

इ बरणीत तवंग परत आला. या वेळी काडीचे टोक त्यात टेकवले. तवंग तडकला. पातळ काचेसारखे त्याचे कोनदार तुकडे झाले, ते एकमेकांपासून दूर सरकले आणि पुन्हा जुळले नाहीत. तेलाचा तवंग काडीभोवती वाहून पुन्हा एकसंध होतो. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि मला ती तीन आठवडे वाचवू शकली असती.

तवंगाखाली काचेला लागून भगव्या रंगाचा मऊ लगदा वाढला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून पाहिल्यावर त्यात पोकळ नळ्या आणि पिळ दिलेल्या दोऱ्यांसारखे तंतू दिसले. लोहावर जगणाऱ्या लेप्टोथ्रिक्स आणि गॅलिओनेला या जिवाणूंच्या अनुक्रमे नळ्या आणि देठ वर्णनांत असेच असतात. चिखलातून ऑक्सिजनरहित पाण्याबरोबर फेरस लोह वर येते आणि हवेच्या सीमेवर थांबते. उत्तर युरोपातील दलदलींत आणि सरोवरांत याच रीतीने साठलेल्या लोहखनिजावर तिथले प्राचीन लोहार शतकानुशतके लोखंड गाळत आले.

१९ मार्च

ऊलिटिक कणांचा प्रयोग फसला आणि तो मी सोडून देत आहे. चाळलेली बारीक वाळू, केओलिन (पांढरी चिनी माती) आणि लोहसाका बाटलीत घालून ती रोलरवर एकूण चाळीस तास फिरवली. कणांवर थर चढण्याऐवजी ते घासले गेले आणि पाणी गढूळ झाले. मंद फिरवणे आणि मधे थांबू देणे, असे आलटूनपालटून केल्यावर काही कणांवर तांबूस लेप आला, पण तो ओल्या बोटानेही निघतो.

त्याऐवजी संग्रहातला जुरासिक काळातील ऊलिटिक लोहखडकाचा तुकडा घासून गुळगुळीत केला. भिंगाखाली एक मिलिमीटरहून लहान कण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसतात, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्यांतले पुष्कळसे पूर्ण गोल नसून चपटे आहेत, म्हणजे वरचा भार पडला तेव्हा ते मऊ होते. फ्रान्समधील लॉरेनचे मिनेट खनिज आणि अमेरिकेतील सिल्युरियन काळाचे क्लिंटन थर या वर्गातले आहेत. अशा थरांची जाडी बहुधा काही मीटरच असते. उथळ समुद्रात बाहेरून येणारी वाळू आणि चिखल फार कमी असेल आणि तळावरचे कण दीर्घकाळ हलत, पालटत राहतील, तेव्हाच हे कण वाढतात. माझ्या चाळीस तासांत जे झाले नाही, त्याला तिथे हजारो वर्षे मिळाली होती.

२५ मार्च

गेल्या अडीच महिन्यांत लोह खाली बसवण्यात मला एकदाच अडचण आली, बाकी सर्व वेळ ते विरघळलेले ठेवण्यात गेला. म्हणून नियोजनात नसलेला एक प्रयोग वाढवला. एका बाटलीत उकळून गार केलेले पाणी, लिटरमागे एक ग्रॅम हिराकस आणि किसाचा तुकडा ठेवला. त्यात सोडा घातला नाही. हे पाणी दोन आठवडे स्वच्छ, फिकट हिरवे राहिले. शेजारी पसरट काचपात्रात थोडासा सोडा घातलेले आणि रात्रभर पंपाने हवा दिलेले पाणी ठेवले. बाटलीतले पाणी सलाइनच्या नळीने, तिची चकती जवळजवळ बंद ठेवून, पात्राच्या तळाशी थेंबाथेंबाने सोडले.

लोहाचे पाणी किंचित जड असल्याने तळालगत पातळ जिभेसारखे पुढे सरकले. नळीच्या तोंडाशी ते रंगहीन होते, दोन बोटांवर हिरवट झाले आणि चार बोटांवर त्याच्यातून तपकिरी धूर उठावा तसे पुंजके सुटू लागले. तासाभरात तळावर तपकिरी पट्टा उमटला आणि त्याच्या आणि नळीच्या मधली काच स्वच्छ राहिली. दुसऱ्या वेळी पात्रातले पाणी उकळून, हवा न देता वापरले. तेव्हा पट्टा पात्राच्या पार दुसऱ्या कडेला, पृष्ठभागाजवळ उमटला.

संचातली सर्वांत महत्त्वाची बरणी हीच आहे असे मला वाटते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागण्याच्या आधी खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांचे लोह विरघळलेल्या अवस्थेत खंडांच्या कडेपर्यंत जाऊ शकत होते, म्हणून तेव्हाचे थर इतके विस्तृत आहेत. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीनंतर ते जवळजवळ नाहीसे होतात आणि ७० कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या हिमयुगांच्या वेळी, समुद्र बर्फाखाली झाकले गेले असताना, थोडा काळ परत येतात. आजच्या मोकळ्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅमही विरघळलेले लोह सापडत नाही. आज लोहाचा प्रवास दलदलीच्या चिखलापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत, म्हणजे माझ्या इ बरणीतल्या चार बोटांइतका उरला आहे.

२ एप्रिल

पट्ट्यांची बरणी पूर्ण झाली. सातपैकी पाच थर स्पष्ट आहेत, तिसरा आणि चौथा माझ्या घाईमुळे एकमेकांत मिसळले आहेत.

संचात आता आठ नमुने आहेत. एकूण ९० ग्रॅम हिराकस लागले, त्यातले निम्म्याहून अधिक वाया गेले. दोन बरण्या आणि एक बूच निकामी झाले. अठ्ठ्याऐंशी दिवसांपैकी प्रत्यक्ष कामाचे दिवस सुमारे पंचवीस, उरलेले साका बसण्याची किंवा जिवाणूंची वाट पाहण्यात गेले. पुन्हा करायचे झाल्यास चिखलाच्या बरण्या पहिल्याच दिवशी लावीन आणि बाकीचे काम त्या तयार होईपर्यंत उरकीन.

देखभालीसाठी सूचना : कार्बोनेटच्या बाटलीतला कीस तांबूस होऊन विरू लागला की बदलावा, नाहीतर पांढरा साका दोन-तीन दिवसांत हिरवा पडू लागेल. अ बरणीचे झाकण काढू नये. इ बरणीत पाणी आटेल तसे वरून सावकाश घालावे, तवंग बुडाला तरी हरकत नाही, आठवड्याभरात नवा येतो. प्रत्येक गटातल्या एका विद्यार्थ्याने तो काडीने तोडून पाहावा.